शर्यतगाडीच्या मुख्य कमानीचे दृढत्व

विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या शर्यतगाड्यांची ‘फॉर्म्युला एसएई’ ही स्पर्धा अमेरिकेत १९८१ साली सुरू झाली. त्याच धर्तीच्या युरोपातील स्पर्धांत मुंबईच्या आय. आय. टी.चे व के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे संघ उतरले आहेत. गाडी उलटल्यास चालकाचे मस्तक वाचते ते त्याच्या पाठीमागील पोलादी नळीच्या मुख्य कमानीमुळे. पुढील व मुख्य कमानींचे माथे जोडणारी रेषा आणि शिरस्त्राण ह्यांत किमान ५० मिमी अंतर असावे, असा नियम आहे.

पर्यायी सांगाड्याच्या गणितात मुख्य कमानीच्या माथ्यावर तीन भार एकाच वेळी कल्पावयाचे असतात: लांबीच्या दिशेने ६, आडवा ५ व खाली ९ किलोन्यूटन. त्यांचे फलित ११.९ किलोन्यूटन, म्हणजे ३०० किग्रॅ. गाडीच्या वजनाच्या सुमारे चौपट होय. ह्या भाराखाली विचलन २५ मिमीहून अधिक होता कामा नये. मोकळ्या अंतराचा निम्मा भाग एवढ्यानेच खर्ची पडू शकतो.

अशा वेळी महागडे मिश्रपोलाद घेण्याचा मोह होतो. त्याने सामर्थ्य वाढते, विचलन मात्र घटत नाही. कारण स्थितिस्थापकतेचा गुणांक सर्व पोलादांत जवळजवळ एकच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. उपाय भूमितीत आहे. २५.४ मिमी व्यासाच्या, २.४ मिमी जाडीच्या नळीचे छेदक्षेत्र १७३ चौ. मिमी व निरूढी परिबल सुमारे ११,६०० मिमी⁴ भरते. व्यास ३० व जाडी २ मिमी घेतल्यास क्षेत्र १७६ चौ. मिमी, पण परिबल १७,३०० मिमी⁴ होते. वजन दीड टक्क्यानेही न वाढता नमनदृढत्व जवळजवळ दीडपट होते! पातळ भिंतीला पोचा पडण्याचा व वेल्डिंग करताना भोक पडण्याचा धोका मात्र वाढतो.

खरी अडचण सांध्यांची आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने नळीच्या मूळ संस्करणाचा लाभ सांध्यालगत नाहीसा होतो. म्हणून अखंड नळीत कायमची विकृती सुरू होण्याचे प्रतिबल ३०५ मेगापास्कल धरले, तरी सांध्यापाशी नियमांनुसार १८० मेगापास्कलच धरावयाचे. तसेच कमानींच्या तळांचे स्थानांतर रोखावयाचे, परिभ्रमण नव्हे. दोन्ही रोखल्यास गणित अकारण सुखावह उत्तर देते.

सांध्यातील वितळ किती खोल गेली, हे संगणक सांगत नाही. त्यासाठी त्याच कारागिराने, त्याच नळीवर केलेला नमुना कापून, घासून व आम्लाने उजळून पाहावा. दुसरा ताणून तोडावा. लगतची नळी तुटली तर ठीक. वेल्डच उकलून निघाला, तर वितळ मुळाशी पोहोचलीच नव्हती.