सालिक आणि मजजूब : प्रयत्न व कृपा

सूफी परिभाषेत साधनेने टप्प्याटप्प्याने वाटचाल (सुलूक) करणारा तो 'सालिक'. ईश्वरी ओढीने (जज्ब) एकाएकी खेचला गेलेला तो 'मजजूब'. बगदादचे शेख शिहाबुद्दीन उमर सुहरवर्दी (मृत्यू इ. स. १२३४) यांनी 'अवारिफुल मआरिफ' या ग्रंथात चार प्रकार सांगितले आहेत : केवळ सालिक, केवळ मजजूब, सुलूकनंतर जज्ब लाभलेला आणि जज्बनंतर सुलूक पुरा केलेला. पहिल्या दोघांना ते मुर्शिदपदास पात्र मानत नाहीत. एकाला मुक्काम गवसलेला नसतो, दुसऱ्याला वाट ठाऊक नसते. उरलेले दोघे मार्ग दाखवू शकतात; त्यांतही चौथा श्रेष्ठ. तात्पर्य, कृपा आधी लाभली तरी इतरांना शिकवू इच्छिणाऱ्याला परिश्रम चुकत नाहीत.