उद्याननगरी सिंगापूर

मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी, विषुववृत्तापासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर, सिंगापूर नावाचे एक चिमुकले बेट आहे. 'सिंहपूर' ह्या संस्कृत शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियापासून वेगळे होऊन ते स्वतंत्र राष्ट्र बनले, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे १९ लाख होती. त्याच्यापाशी पुरेशी शेतजमीन नव्हती, खाणी नव्हत्या. पिण्याच्या पाण्याचा मोठा भागही शेजारच्या जोहोर प्रांतातून नळाने येत असे. आज त्याच देशात सुमारे ६० लाख लोक राहतात. समुद्रात भर घालून जमीन थोडीशी वाढली हे खरे. परंतु माणसे तिपटीहून अधिक वाढली.

माणसे वाढली की झाडे तुटतात, ओढ्यांची गटारे होतात आणि रस्ते वाहनांनी तुंबतात, हा बहुतेक मोठ्या शहरांचा अनुभव आहे. सिंगापुरातही आरंभी हेच चालले होते. असे असूनही आज तेथे उतरणाऱ्या प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरतात ती रस्त्याच्या दुतर्फा पसरलेली विशाल झाडे. हा पालट आपोआप झालेला नाही. त्यामागे साठ वर्षांची आखणी आहे, कष्ट आहेत आणि कित्येकांचा त्यागही आहे.

पहिला प्रश्न घरांचा होता. त्या काळी हजारो कुटुंबे लाकडी भिंती आणि झावळ्यांची छपरे असलेल्या दाट वस्त्यांत राहत. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी नावाच्या वस्तीला आग लागली आणि काही तासांत सुमारे १६,००० लोक उघड्यावर पडले. घरबांधणीसाठी १९६० मध्येच एक सरकारी मंडळ स्थापन झाले होते. त्याने तातडीने उंच, पक्क्या इमारती उभारण्यास प्रारंभ केला आणि पुढे साऱ्या बेटावर तोच क्रम चालू ठेवला. आज तेथील तीन-चतुर्थांशाहून अधिक रहिवासी ह्याच मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात.

उंच इमारतींचा हिरवाईशी काय संबंध, असे कोणी विचारील. शंभर घरे जमिनीवर शेजारी शेजारी बांधली, तर ती मोठे मैदान व्यापून टाकतात. तीच एकावर एक रचली, तर थोड्याशा जागेत मावतात. उरलेल्या जमिनीवर शाळा, बाजार, क्रीडांगण आणि बाग होऊ शकते. मात्र अंगणात बसून शेजाऱ्यांशी बोलण्याची सवय असलेल्या माणसांना दहाव्या मजल्यावर एकाकी वाटे. म्हणून पुढे इमारतींचा तळमजला मोकळा ठेवण्याची पद्धत पडली. तेथे वृद्ध मंडळी गप्पा मारत बसतात, मुले खेळतात आणि प्रसंगी लग्नसमारंभही होतात.

घरे कशी बांधावी ह्याइतकाच ती कोठे बांधावी हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. ह्याविषयी सल्ला देण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९६३ मध्ये तीन तज्ज्ञ सिंगापुरास पाठविले. त्यांपैकी ओटो कोनिग्सबर्गर हे भारताला अपरिचित नव्हते. ह्या जर्मन वास्तुशास्त्रज्ञाने म्हैसूर संस्थानात काम केले होते आणि ओडिशाची नवी राजधानी भुवनेश्वर हिचा आराखडाही तयार केला होता. ह्या तज्ज्ञांनी असे सुचविले, की बेटाच्या मध्यभागी असलेले अरण्य आणि जलाशय ह्यांना हात न लावता त्यांच्या भोवताली कड्याप्रमाणे लहान लहान नगरे वसवावीत. १९७१ मध्ये साऱ्या बेटाची दीर्घकालीन योजना तयार झाली, तीत हीच कल्पना होती. नगरे, रस्ते, आगगाडीचा मार्ग, विमानतळ आणि पाण्याचे साठे ह्यांच्या जागा त्यामुळे आधीच निश्चित झाल्या. विहीर कोठे खणावी हे घर बांधून झाल्यावर ठरविण्यापेक्षा आधी ठरविणे केव्हाही शहाणपणाचे, हेच त्या योजनेचे मर्म होते.

झाडे लावण्याचे काम ह्याहूनही आधी सुरू झाले होते. १६ जून १९६३ रोजी सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू ह्यांनी एक रोप लावून ह्या मोहिमेचा आरंभ केला. १९६७ मध्ये सिंगापूरला 'उद्याननगरी' बनविण्याचा संकल्प जाहीर झाला आणि १९७१ पासून नोव्हेंबर महिन्यात वृक्षारोपण दिन पाळण्यात येऊ लागला. ह्यात केवळ सौंदर्याची हौस नव्हती. आपल्या देशात शिस्त आणि व्यवस्था आहे, हे परदेशातून येणाऱ्या उद्योजकांना रस्त्यावरील झाडे पाहूनच कळावे, असाही हेतू होता.

परंतु शहरात झाड जगविणे हे रानातल्यासारखे सोपे नसते. रस्त्याकडेची माती रुळाखाली दबून दगडासारखी घट्ट झालेली असते. तीत पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि बुंध्यापर्यंत डांबर पसरले तर झाड हळूहळू गुदमरते. म्हणून कोणते झाड कोठे लावावे, त्याची मुळे किती पसरतील, ह्याचा तेथे विचार करण्यात आला. झाडांसाठी जागा राखून ठेवण्याचे बंधन १९७५ मध्ये कायद्याने घालण्यात आले. सावलीसाठी मुख्यतः पर्जन्यवृक्षासारखी विस्तीर्ण झाडे निवडली गेली. अमेरिका खंडातून आलेला हा वृक्ष मुंबईच्या रस्त्यांवरही आढळतो. त्याच्या फांद्या छत्रीसारख्या पसरतात आणि सायंकाळी त्याची पाने मिटतात. झाडे पानांवाटे पाण्याची वाफ सोडतात; त्या क्रियेत भोवतालची उष्णता खर्च होते. म्हणूनच भर दुपारी पर्जन्यवृक्षाखाली उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या छपराखालच्यापेक्षा अधिक गारवा वाटतो.

सर्वांत कठीण काम होते ते नदीचे. शहराच्या मध्यातून वाहणारी सिंगापूर नदी ही तेथील व्यापाराची जननी. मोठ्या जहाजांतील माल शेकडो पडावांतून ह्याच नदीने धक्क्यावर येई. परंतु काठावरच्या कारखान्यांचे सांडपाणी, फेरीवाल्यांचे खरकटे आणि घरांतील मैला हे सारे तिच्यातच जाई. जवळच्या कालांग नदीच्या खोऱ्यात तर डुकरे व बदके पाळणाऱ्यांची घाणही तिच्यात मिसळे. पाणी काळे पडले, दुर्गंधी सुटली, मासे नाहीसे झाले. फेब्रुवारी १९७७ मध्ये पंतप्रधानांनी ह्या नद्या दहा वर्षांत स्वच्छ करण्याचे आव्हान अधिकाऱ्यांपुढे ठेवले.

अधिकाऱ्यांनी प्रथम घाण कोठून येते ह्याचा शोध घेतला. वरवर कचरा काढला तर तो उद्या पुन्हा साचणार, हे उघड होते. म्हणून उगमालाच हात घालण्यात आला. सुमारे २६,००० कुटुंबांना अन्यत्र घरे देण्यात आली. रस्त्यावरील सुमारे ५,००० फेरीवाल्यांना नळ आणि गटार असलेल्या खाद्यबाजारांत जागा मिळाली. डुक्करपालन खोऱ्यातून हलविण्यात आले. १९८३ मध्ये सुमारे ८०० पडाव नदी सोडून दूरच्या धक्क्याकडे गेले. त्यानंतर तळाचा गाळ उपसला गेला आणि १९८७ मध्ये, ठरल्याप्रमाणे दहा वर्षांत, नद्या पुन्हा जिवंत झाल्या.

हे यश मोठे होते. परंतु त्याची किंमतही कोणीतरी दिली होती. ज्या नावाड्यांचे आयुष्य त्या पाण्यावर गेले, त्यांचा धंदा मोडला. ज्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकच काम ठाऊक होते, त्यांना उतारवयात नवा मार्ग शोधावा लागला. पुष्कळांना नवी घरे मिळाली, काहींना भरपाईही मिळाली. तथापि जुना शेजार आणि जुना व्यवसाय कोणत्याही भरपाईने परत येत नाही. फेरीवाल्यांची गोष्ट मात्र काहीशी निराळी झाली. त्यांचे खाद्यबाजार लोकप्रिय ठरले आणि २०२० मध्ये सिंगापूरच्या ह्या खाद्यपरंपरेला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. नगररचनेत कागदावरची प्रत्येक रेघ कोणाच्या तरी दारावरून जात असते. ज्याचे दार जाते त्याची सोय पाहणे हाही योजनेचाच भाग होय.

नदी स्वच्छ झाल्याचा मोठा लाभ पुढे पाण्याच्या बाबतीत दिसून आला. सिंगापुरात वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो साठविण्यास जागा थोडी. १९६३ मध्ये अवर्षणामुळे तेथे अनेक महिने पाणी मोजून द्यावे लागले होते. ती आठवण राज्यकर्ते विसरले नाहीत. २००८ मध्ये समुद्राच्या मुखाशी, सुमारे ३५० मीटर रुंदीच्या खाडीवर मरीना बंधारा बांधण्यात आला. मुसळधार पाऊस आला आणि समुद्राला ओहोटी असली, तर बंधाऱ्याची दारे उघडून जादा पाणी सोडतात. भरती असली, तर दारे बंद ठेवून ते पाणी पंपांनी समुद्रात टाकतात. त्यामुळे सखल भाग पुरापासून वाचतो. पावसाच्या पाण्याने आतील खारेपणा हळूहळू निघून गेला आणि भर शहरात गोड्या पाण्याचा जलाशय निर्माण झाला. नदी आधी शुद्ध झाली नसती, तर ह्या बंधाऱ्यामागे केवळ सांडपाणी साचले असते. पहिले काम नीट झाले, म्हणूनच दुसरे शक्य झाले.

एवढ्यावरही तेथील लोक थांबले नाहीत. २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्यात येऊ लागले. हे पाणी प्रथम बारीक चाळणीसारख्या पडद्यांतून जाते. मग अतिसूक्ष्म छिद्रांच्या दुसऱ्या पडद्यातून दाबाने ढकलतात, तेव्हा क्षार व जंतू मागे राहतात. शेवटी अतिनील किरणांनी त्याची आणखी शुद्धी करतात. ह्यातील बहुतेक पाणी कारखान्यांना पुरविले जाते आणि कोरड्या दिवसांत काही जलाशयांत मिसळतात. समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखानेही तेथे आहेत.

रस्त्यांच्या बाबतीतही असाच दूरवरचा विचार झाला. १९७५ मध्ये सकाळच्या गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागात मोटार नेणाऱ्यावर तीन डॉलरांचा दैनिक कर बसविण्यात आला. मात्र मोटारीत चार माणसे असतील तर तो माफ असे. अशी योजना जगात प्रथम येथेच अमलात आली. लोकांनी मोटारीऐवजी दुसऱ्या साधनाने यावे असे सांगायचे, तर ते साधन चांगले हवे. १९८७ मध्ये शहरी आगगाडी सुरू झाली आणि पुढे तिचे जाळे बेटभर पसरले. १९९० पासून नव्या मोटारींची संख्या परवान्यांनी मर्यादित झाली.

योजना करणाऱ्यांच्याही चुका होतात. पूर लवकर ओसरावा म्हणून पूर्वी पुष्कळ ओढे सरळ करून सिमेंटने बांधून काढले होते. पाणी वेगाने वाहून जाई. पण काठावर गवत उगवत नसे, बेडूक राहत नसत. बिशान येथील उद्यानाजवळचा असा एक कालवा फोडून २०१२ मध्ये त्याला पुन्हा वळणावळणाच्या नदीचे रूप देण्यात आले. एरव्ही मुले तिच्या काठच्या गवतावर खेळतात. जोराचा पाऊस आला, की तेच गवताळ काठ पुराचे पाणी सामावून घेतात. ह्याच काळात बेटावर पुन्हा स्थिरावलेल्या पाणमांजरांचे कळप ह्या नदीत मासे पकडताना दिसतात. तसेच, महामार्गाने दुभंगलेली दोन अरण्ये जोडण्यासाठी २०१३ मध्ये त्यावर झाडाझुडपांचा पूल बांधण्यात आला. त्यावरून खवलेमांजरासारखा दुर्मीळ प्राणीही ये-जा करतो.

तरीही सिंगापूरचे सारे प्रश्न सुटले आहेत असे म्हणता येणार नाही. बेटावरील मूळ अरण्याचा फारच थोडा अंश उरला आहे. समुद्र मागे हटविताना खारफुटी आणि प्रवाळ ह्यांचा मोठा नाश झाला. वीज बहुतांशी आयात केलेल्या वायूवर निर्माण होते आणि उकाड्यामुळे वातानुकूलन यंत्रांचा वापरही मोठा आहे. वाढत्या समुद्रपातळीची चिंता तर सखल बेटाला कायमचीच आहे.

असे असले तरी ह्या चिमुकल्या देशाकडून एक गोष्ट निश्चित शिकण्यासारखी आहे. झाड, पाणी, घर आणि रस्ता ह्या चार निरनिराळ्या गोष्टी नाहीत. एकीकडे दुर्लक्ष झाले, की उरलेल्या तिन्ही बिघडतात. नगर सुधारण्यास प्रचंड संपत्तीपेक्षाही धीर अधिक लागतो. दुपारच्या उन्हात ज्या झाडांखालून आज तेथील मुले शाळेतून घरी जातात, त्यांतील कित्येक झाडे त्यांच्या आजोबांच्या तरुणपणी लावलेली आहेत. लावणाऱ्यांनी तेव्हा केवळ हातभर रोपे पाहिली होती. सावली मात्र नातवंडांच्या वाट्यास आली.