अडुळसा : लावा जरूर, पण मर्यादा ओळखून

बेळ्ळंदूरहून बोलतोय. आजचा विषय अडुळसा. कन्नडमध्ये आडुसोगे, तमिळमध्ये आडातोडै, म्हणजे शेळी ज्याला तोंड लावत नाही ते झाड. पानं कडू, गुरं खात नाहीत, म्हणून आपल्याकडे गावोगावी त्याचं कुंपण करतात.

लावणं सोपं. पावसाळ्याच्या तोंडाला पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्या. तीन-चार डोळे हवेत. दोन डोळे मातीत, बाकीचे वर. कुंडी सावलीत ठेवा. माती ओली हवी, चिखल नको. काडी हलकेच ओढून घट्ट लागली की मूळ धरलं. मग उन्हात हलवा. बारा महिने हिरवा राहतो, एखाद-दुसरं पाणी चुकलं तरी तग धरतो. पांढरी फुलं ओसरली की छाटणी करा. मात्र आमच्या तळ्यात सांडपाणी येतं, त्यामुळे तिथला गाळ किंवा पाणी मी कुंडीला कधीच घालत नाही. जे पोटात जाणार, त्याला स्वच्छ पाणीच हवं.

19 जानेवारी 2018 ला याच तळ्यात आग लागली. ती विझवायला सुमारे 5000 जवान उतरले. मी निवृत्त, गॅलरीतून धूर बघत होतो. त्यानंतर आमच्या सौ.ना खोकला लागला. मी पंधरा दिवस अडुळशाचा काढा दिला. कफ सुटला, पण रात्री छातीतली शिट्टी थांबेना. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. दमा निघाला, इन्हेलर सुरू झाला. काढा दिला ही माझी चूक नव्हती. त्याच्या भरवशावर पंधरा दिवस थांबलो, ही चूक.

अडुळशाच्या पानात वासिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच धर्तीवर कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं. म्हणजे आजीचा काढा पोकळ नव्हता. पण गोळीतली मात्रा मोजलेली असते, पानातली नसते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला काढ्यासोबत मध चाटवू नका. आणि धाप, ताप किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर काढा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

फौजेत शिकलो, कुमक वेळेवर मागवण्यात कमीपणा नसतो. भेटू पुढच्या भागात. जय हिंद!