स्फटिक बदलला की नुसता तापला?

सकाळी ७.०० – बदलापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उल्हासनगरला उतरायचं, तर दार सोडून चालत नाही. अंबरनाथला लोंढा शिरतो. एकदा आत ढकललं गेलं की थेट कल्याण.

८.०० – प्रयोगशाळेत आल्याआल्या बाटल्या पाहते. ॲसिटोनायट्राइलमध्ये टीसीएनक्यू आणि पोटॅशियम आयोडाइड सावकाश एकमेकांत मिसळत ठेवले आहेत. काचेला गडद जांभळ्या सुया धरल्या आहेत. टीसीएनक्यू हा कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचा सपाट रेणू. पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन घेऊन तो थरावर थर रचत जातो. साधारण १२२ अंश सेल्सिअसखाली या थरांतले रेणू दोन-दोन जवळ सरकतात, आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडते.

९.०० – सूक्ष्मदर्शकाखाली निवड. चीर असलेली सुई बाजूला. दोन सुया चिकटून वाढल्या असतील तर त्याही बाजूला. निवडलेल्या सुईवर केसाहून बारीक अशा सोन्याच्या चार तारा कार्बन पेस्टने बसवायच्या. टोकाच्या दोघींतून प्रवाह जातो, मधल्या दोघी व्होल्टेज मोजतात, म्हणजे जोडणीचा अडथळा मापात येत नाही. दाब जरा जास्त पडला की सुईचे तुकडे. म्हणून या वेळात मी फोन उचलत नाही. पेस्ट वाळेपर्यंत दुपार होते.

१२.४५ – डबा.

१.३० – व्होल्टेज हळूहळू चढवते. सुरुवातीला आलेख ओहमच्या नियमाप्रमाणे सरळ. मग प्रवाह वेगाने वाढू लागतो. एका टप्प्यावर प्रवाह वाढत असतानाच स्फटिकावरचं व्होल्टेज उतरतं. सोबत जोडलेला रेझिस्टर नसता, तर सुई इथेच जळाली असती.

"मॅडम, झालं ना स्विचिंग?" एमएस्सीचा विद्यार्थी विचारतो. म्हणजे, विजेमुळे इलेक्ट्रॉनांची अडलेली वाट खुली झाली ना?

"थांब, आधी तापलीय का ते बघू."

सगळं काम या प्रश्नापाशी येतं. १०० व्होल्ट आणि १ मिलिअँपिअर म्हणजे ०.१ वॅट, मिलिमीटरभर सुईला तेवढं पुष्कळ. अर्धवाहक तापला की अडथळा घटतो, प्रवाह वाढतो, तो आणखी तापतो. आलेखही अगदी असाच वाकतो! 'सापडलं' म्हणण्याची घाई इथे करू नये, असं माझं ठाम मत आहे.

जपानमध्ये कुमाई, ओकिमोतो आणि तोकुरा यांनी १९९९ मध्ये याच पदार्थात प्रवाहामुळे होणारा बदल दाखवला; स्फटिकाच्या पृष्ठभागावर पट्टेही उमटले होते. २००५ मध्ये सावानो, तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका सेंद्रिय स्फटिकाला अतिथंड अवस्थेत थायरिस्टर या सिलिकॉनच्या स्विचसारखं वागवून डीसीतून एसी काढली. सिलिकॉनचे थर रचून घडवावा लागणारा गुण एका अखंड स्फटिकात मिळाला, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

३.३० – आता सलग व्होल्टेजऐवजी मिलिसेकंदाचे स्पंद, मधे सेकंदभर विश्रांती. ऑसिलोस्कोपवर स्पंदाचा माथा सपाट राहिला तर उष्णतेचा हात कमी. छोट्या स्पंदांत तो सपाट आहे. स्पंद दसपट लांब केला की माथा शेवटाकडे चढतो: तापणं तिथे सुरू होतं. दोन्हींच्या मधे कुठेतरी सीमा आहे, आणि तीच शोधायची आहे.

६.०० – नोंदवहीत तापमान, सुईची लांबी-जाडी, स्पंदांची रुंदी. विद्यार्थी म्हणतो, वाकलेला आलेख अहवालात घालूया. मी फक्त छोट्या स्पंदांचा भाग घेते. उद्या हीच सुई द्रव नायट्रोजनच्या वाफेत थंड करून पुन्हा लावायची आहे. नायट्रोजनवाल्याला आत्ताच फोन करायला हवा.