पंधरा मिनिटांचा पट

जॉर्जियातील बातुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरात जुलै २०२५ मध्ये महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत झाली. पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीयच होत्या : अनुभवी कोनेरू हम्पी आणि नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. हम्पीने २००२ साली ग्रँडमास्टर किताब मिळविला, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता.

पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल २८ जुलैच्या जलद डावांवर येऊन ठेपला. या डावांत प्रत्येकीच्या घड्याळात पंधरा मिनिटे असतात आणि दर खेळीगणिक त्यात दहा सेकंदांची भर पडते. बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे तर मुद्दल तुटपुंजे, व्याज मात्र नियमित. आरंभीच मुद्दल खर्ची घालणाऱ्यास पुढे केवळ व्याजावर गुजराण करावी लागते. तेवढ्या दहा सेकंदांत प्रतिस्पर्ध्याचा डाव ओळखणे, मोहरा हलविणे आणि घड्याळाची कळ दाबणे, सारेच उरकावयाचे असते.

कागदावर पारडे हम्पीचे जड होते. जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद तिने २०१९ आणि २०२४ असे दोनदा पटकाविलेले. दिव्यासाठी मात्र चषकाहून अधिक काही पणाला लागले होते. ग्रँडमास्टर किताबासाठी एरव्ही तीन नॉर्म आणि २५०० गुणांकन आवश्यक असते. तिच्या खात्यात एकही नॉर्म जमा नव्हता. विश्वचषक जिंकल्यास किताब थेट मिळणार होता.

पहिला जलद डाव बरोबरीत संपला. दुसऱ्यात पांढरे मोहरे, म्हणजे पहिल्या खेळीचा लाभ, हम्पीकडे होता. डाव लांबत सत्तर खेळींपलीकडे गेला. हम्पीचे घड्याळ रोडावले आणि अखेरच्या टप्प्यात तिच्याकडून चुका घडल्या. दिव्याचा खेळही निर्दोष नव्हता; सोपा विजय आपण अवघड करून ठेवला, अशी कबुली तिने नंतर मोकळेपणाने दिली. एवढ्या अल्प वेळात निर्दोष खेळाची अपेक्षा करणेही अन्यायाचेच.

अखेर हम्पीने डाव सोडला. २.५–१.५ अशा गुणांनी चषक दिव्याचा झाला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. महिलांमध्ये हम्पी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतरची चौथी. दिव्याला अश्रू आवरेनात. तिने आईला घट्ट मिठी मारली.