कारागीर थांबला म्हणून मँडोलिन लगेच घ्यावं का?

मुळेकाठचं महाळुंगे 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं. बालेवाडी क्रीडासंकुलाच्या या शेजारगावात आता उंच इमारती आहेत, आणि दिवसभराचं काम आटोपून संध्याकाळी एखादं वाद्य हाती घेणारी माणसंही आहेत. समजा, त्यांतल्या कुणी मँडोलिनसाठी वर्षभर पैसे बाजूला टाकलेत. एक कारागीर पसंत पडलाय. आणि नेमकी बातमी येते, की या कारागिराने नवं काम काही काळ थांबवलंय. लगोलग सल्ले सुरू होतात: असेल ते घेऊन टाका, पुन्हा मिळायचं नाही, उद्या दुप्पट भाव होईल. काही जण उलटं सांगतात, आता त्याच्या वाटेला जाऊ नका, मोडलं तर विचारणार कुणाला?

यातला बहुतेक भाग ऐकीव आहे.

‘काम थांबवलं’ याचा अर्थ ‘धंदा बंद’ असा लावला जातो, तिथूनच गोंधळ सुरू होतो. हाताने वाद्य घडवणाऱ्याचं काम थांबत-थांबतच चालतं. लाकूड मुरावं लागतं, जुन्या मागण्या पुऱ्या करायच्या असतात, कधी प्रकृती साथ देत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याकडे पाहिलं की हे पटतं. भोपळा पंढरपूर परिसरातून येतो. तो पुरता वाळल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि ज्या वर्षी पाऊस पिकाला दगा देतो त्या वर्षी चांगला भोपळाच कमी मिळतो. तरी एकोणिसाव्या शतकापासून मिरजेत सतार-तंबोरे घडताहेत, आणि 2024 मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणून कारागिराला थेट विचारावं: फक्त नव्या मागण्या बंद आहेत, की हाती घेतलेलं कामही? दुरुस्ती चालू आहे का? आगाऊ रक्कम दिली असेल, तर वाद्य कधी मिळेल आणि न मिळाल्यास पैसे कधी परत मिळतील, हे लेखी घ्यावं.

दुसरा समज भावाचा. उत्पादन थांबलं की किंमत चढतेच, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला एक गोष्ट जरूर ऐकवावी. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीत लॉइड लोर नावाचे वादक-तज्ज्ञ होते. 1922 ते 1924 या काळात त्यांच्या सहीची ‘एफ-5’ मँडोलिनं निघाली, आणि 1924 च्या अखेरीस लोर यांनी कंपनी सोडली. म्हणजे सहीचं वाद्य निघणं कायमचं थांबलं. त्यानंतर वीस वर्षांनी, 1940 च्या दशकाच्या मध्यावर, बिल मन्रो या वादकाला त्यांतलंच एक फ्लोरिडातल्या केशकर्तनालयात विकायला ठेवलेलं दिसलं. किंमत, 150 डॉलर! 9 जुलै 1923 ची सही असलेलं ते वाद्य मन्रो यांनी पुढे जन्मभर वाजवलं, त्यावर ब्लूग्रास हा संगीतप्रकार उभा केला, आणि मग लोर यांच्या मँडोलिनांना सोन्याचा भाव आला. नुसत्या दुर्मिळपणाने वीस वर्षांत जे झालं नाही, ते एका वादकाच्या हातांनी केलं. गुंतवणूक म्हणून घाईने मँडोलिन उचलणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

दुरुस्तीच्या भीतीलाही याच वाद्याचा इतिहास उत्तर देतो. 1985 मध्ये कुणीतरी मन्रो यांच्या घरात शिरून ते मँडोलिन लोखंडी सळईने फोडलं. चिरफळ्या गोळा झाल्या, चार्ली डेरिंग्टन या कारागिराने महिनोन् महिने बसून त्या जुळवल्या, आणि 1986 मध्ये वाद्य पुन्हा वाजू लागलं. आज ते नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे. मूळ घडवणाऱ्यांपैकी कुणी त्या टेबलाशी बसलं नव्हतं. बसला होता तो लाकूड जाणणारा माणूस.

रोजच्या वापरात तर इतकं अघटित क्वचितच घडतं. मँडोलिनच्या आठ तारा, म्हणजे चार जोड्या, व्हायोलिनच्याच सुरांत लागतात. तारांची मापंही ठरलेली असतात. बाजारातला नेहमीचा मध्यम संच 0.011 ते 0.040 इंच जाडीचा. फक्त बहुतेक मँडोलिनांना टोकाशी फास असलेल्या तारा लागतात, गिटारच्या गोळीवाल्या नाहीत. खुंट्या, घोडी, पडदे यांपैकी काहीही एका कारागिरावर अडत नाही. गिटार किंवा व्हायोलिन दुरुस्त करणारा जाणता माणूस पडदे घासून-बदलून, घोडी बसवून देतो. हे वाद्य आपल्याकडे नवंही नाही. संगीतकार होण्याआधी लक्ष्मीकांत कुडाळकर मँडोलिनवादक होते. सरोदिये किशोर देसाई यांनी ते चित्रपटगीतांत वाजवलं आणि सज्जाद हुसेन यांनी त्यावर रागसंगीत वाजवून दाखवलं.

‘एफ’ घाटाचंच घ्यायला हवं, वळणदार शिंग नसलेलं साधं ‘ए’ घाटाचं कमी प्रतीचं, हाही गैरसमज. शिंग कोरायला खूप वेळ जातो, म्हणून किंमत वाढते. आवाज मुख्यतः तबलीच्या लाकडावर आणि तिच्या कोरणीवर ठरतो. मनातल्या कारागिराचं ‘एफ’ मिळेना झालं, तर तेवढ्याच पैशांत दुसऱ्या कुणाचं उत्तम ‘ए’ मिळू शकतं, आणि माझ्या मते शिकणाऱ्याने तेच घ्यावं.

वापरलेलं वाद्य घेताना हमीची आशा धरू नये. ती बहुतेकदा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. त्याऐवजी दांडी सरळ आहे का, बाराव्या पडद्यापाशी तारा फार उंच नाहीत ना, तबली घोडीखाली खचली नाही ना, हे पाहावं. तारांचा एकूण ताण 75 ते 80 किलोच्या घरात असतो. कमकुवत तबली तो फार काळ पेलत नाही. परदेशातून मागवल्यास सीमाशुल्क आणि आयजीएसटी धरूनच हिशेब मांडावा. शिसवीची पट्टी असेल तर अडवतील, ही धास्ती मात्र जुनी झाली. सायटिस या आंतरराष्ट्रीय करारात 2017 मध्ये शिसवीच्या साऱ्या जातींवर निर्बंध आले होते. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझीलच्या शिसवीवरचे कडक नियम कायम आहेत.

महाळुंग्यापुरती आणखी एक गोष्ट. मुळशीच्या तोंडाशी पावसाळा दमट आणि उन्हाळा कोरडा. मे महिन्यात पारखून घेतलेल्या मँडोलिनची तबली जुलैत फुगते, तारा वर येतात, आणि घेणाऱ्याला वाटतं, फसलो. घोडीच्या चकत्या थोड्या खाली फिरवल्या की बहुधा काम भागतं. पेटीत आर्द्रता मापायचं छोटं यंत्र ठेवून आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास राखला, तर तेवढीही खटपट उरत नाही.