लोकर ते पॉलियुरेथेन, आणि परत

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर डेनिसविरुद्ध तक्रार झाली: पोशाखातून पोरीचे खांदे फारच दिसतात! पंचांनी ती फेटाळली आणि डेनिसने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं. भिजून लोंबणाऱ्या लोकरी पोशाखांचे दिवस तेव्हा सरत आले होते. पुढे नायलॉन आलं. १९७३ मध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या मुली अंगाला चिकटलेल्या पातळ पोशाखात उतरल्या आणि बहुतेक शर्यती मारून गेल्या. (त्यामागे सरकारनेच दिलेल्या उत्तेजक औषधांचाही मोठा हात होता, हे उघड व्हायला बरीच वर्षं जावी लागली.)

खरा धुमाकूळ २००८ मध्ये सुरू झाला. स्पीडोच्या एलझेडआर रेसरमध्ये पॉलियुरेथेनचे तुकडे होते, आणि शिवणीऐवजी कापड ध्वनिलहरींनी जोडलेलं. अंगात चढवायलाच बराच वेळ लागे. पण एकदा चढला की शरीर आवळलं जाई, पाणी कमी अडे. मग इतर कंपन्यांनी अख्खा सूटच पॉलियुरेथेनचा केला. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम पडले. ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पॉल बीडरमनने इयन थॉर्पचा विक्रम सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोडला. पोहणाऱ्यापेक्षा कपड्याचीच चर्चा जास्त, म्हणजे खेळाचं भजं झालं होतं. शेवटी अशा सूटवर बंदी आली: १ जानेवारी २०१० पासून फक्त कापडी सूट. पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत, बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. बंदी उशिराच आली, असं माझं मत. बीडरमनचा तो विक्रम मात्र लुकास मेर्टेन्सने मोडायला एप्रिल २०२५ उजाडलं.

वॉटर पोलोला या सगळ्याचं सोयरसुतक नव्हतं. तिथे कपड्याची गाठ पाण्याशी कमी आणि प्रतिस्पर्ध्याच्या बोटांशी जास्त. पंचाला पाण्याखालचं सगळं दिसत नाही, त्यामुळे ओढाताण चालूच असते. म्हणून पुरुषांची चड्डी आखूड, जाड, आतून नाडीची; काही जण एकावर एक दोन चढवतात. सिडनीत २००० मध्ये महिलांचा पोलो ऑलिंपिकमध्ये आला. त्यांचा सूट गळ्यापर्यंत बंद, पाठ झाकलेली, मागे चेन, आणि इतका घट्ट की चिमटीत सापडू नये. शर्यतीच्या कॉश्च्यूमचे पाठीवरचे मोकळे पट्टे इथे म्हणजे समोरच्याला आयतीच मूठ.

दुकानात मात्र पालक अजूनही मुलांसाठी टीव्हीवर पाहिलेला, गुडघ्यापर्यंतचा महागडा रेसिंग सूट मागतात. तो थोड्याच शर्यतींपुरता. क्लोरीन लायक्राला खातं आणि सूट सैल पडतो. रोजच्या सरावाला पॉलिएस्टर किंवा पीबीटी या क्लोरीनला टिकणाऱ्या धाग्याचा साधा कॉश्च्यूम घ्यावा, आणि घालून हात वर करून, वाकून पाहावं. पोलोसाठी घेत असाल तर सोबतच्याला तो मागून पकडायला सांगावा.